वीतभर उंची

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरातल्या हंड्यावरचं झाकण जरा तिरकं दिसलं तरी कोणी हात लावला ते शोधल्याशिवाय मला पाणी गोड लागत नाही. बायको यावरून मला घालूनपाडून बोलते. पण तामीरात खात्यात, म्हणजे निजामाच्या बांधकाम खात्यात, ओव्हरसियरला हा स्वभाव उपयोगी पडे. मुकादम मुरूम कमी टाकतो, गडी दुपारी झाडाखाली लवंडतात, आणि वरचे साहेब दोघांचा दोष ओव्हरसियरच्या माथी मारतात. कोणावर विश्वास ठेवू नये, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

१९४५ची दिवाळी झाली आणि मला नळदुर्ग-तुळजापूर रस्त्यावरच्या सातव्या मैलाचं काम मिळालं. तिथे एक खोड होती. पंचवीस फुटांना एक फूट असा सरळ चढ, मग माथा, आणि माथा ओलांडला की लगेच तेवढाच उतार. माथा इतका टोकदार होता की नळदुर्गकडून चढणाऱ्या मोटारीला पलीकडचं काही दिसत नसे. लढाईच्या वर्षांत या रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या आणि अपघातही झाले. फायलीत दोन नोंदी होत्या. एक, मोटार आणि लॉरी समोरासमोर येऊन दोन्ही खड्ड्यात. दुसरी आदल्या चैत्रातली, एका ओळीची: 'रस्त्यात झोपलेली बाई लॉरीखाली दगावली.' मी पहिली नोंद नीट वाचली. दुसरी वाचून मनात म्हटलं, रस्त्यात कोण झोपतं? प्यायलेली असेल. आणि पान उलटलं.

अशा माथ्याला उपाय एकच. टोक छाटायचं आणि चढ-उताराच्या मध्ये एक हलकी कमान बसवायची. तिला आम्ही उभा वक्र म्हणतो. वक्र आखूड ठेवला तर माथा टोकदारच राहतो. लांब घेतला तर खोदकाम वाढतं आणि साहेब खवळतात. म्हणून कमीत कमी किती लांबीवर भागेल तेवढं काढायचं. आमच्या कचेरीची रीत ठरलेली होती. ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून साडेचार फूट, समोरच्या मोटारीची उंचीही साडेचार फूट, आणि दोघांनी एकमेकांना तीनशे फुटांवरून पाहिलं पाहिजे, कारण भरधाव लॉरीला थांबायला तेवढी जागा लागते. मी आकडे मांडले. दीडशे फूट आले. माथा दीड फूट खाली जाणार होता. वक्र जिथून सुरू होतो तिथे आणि जिथे संपतो तिथे बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, वर चुना फासला आणि मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुंट्या हललेल्या होत्या.

एखादी उपटून फेकली असती तर गुराख्याचा खोडसाळपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण दोन्हीकडच्या खुंट्या माथ्यापासून लांब, वीस-वीस पावलं बाहेर सरकवून नीट ठोकल्या होत्या. चुनासुद्धा पुन्हा लावलेला. मी त्या जागेवर आणल्या. दोन दिवसांनी पुन्हा हलल्या, या वेळी तीस पावलं.

"बंडप्पा," मी मापाची साखळी धरणाऱ्या माझ्या गड्याला विचारलं, "हे तुझं काम आहे का?"

बंडप्पा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता आणि माझ्या स्वभावाला सरावलेला होता. "साहेब, मला माझ्या घरच्या गाईची खुंटी हलवायचा कंटाळा हाय. सरकारची कशाला हलवू?" तो म्हणाला. मग हनुवटीनं रस्त्याकडेच्या शेताकडं खूण केली. "ईरण्णाला इचारा. त्येचं रान हाय."

ईरण्णा ज्वारीतल्या मचाणावर बसून पाखरं हाकत होता. चाळिशीचा, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. आम्ही आल्यापासून तो गोफणीपेक्षा आमच्याकडंच जास्त बघत असे, हे मी हेरलं होतं. मी खाली उभा राहून विचारलं, "खुंट्या कोण हलवतो?"

"पाय फुटलं आस्तील," तो वरूनच म्हणाला.

"तुला ठाऊक आहे."

"मला काय ठावं? शिकलेली मान्सं तुमी. तुमाला ठावं आसंल."

त्याच्या बोलण्यातला विखार मला झोंबला. मी त्या दिवसापासून त्याच्यावर नजर ठेवली. विचार करकरून डोकं पिकलं, कारण गणित जुळत नव्हतं. वक्र लांबला तर तोटा ईरण्णाचाच होता. रस्ता त्याच्या शेताच्या कडेनं तीन-चार फूट खोल गेला असता आणि त्याची बैलगाडी रानात चढायची वाटच बंद झाली असती. ज्याचं नुकसान तोच खुंट्या सरकवतो, तर त्याच्यामागे दुसरं कोणीतरी असलं पाहिजे. ते दिवसही तसेच होते. सोलापूरच्या इंग्रजी हद्दीतून निजामाविरुद्धची माणसं लपूनछपून यायची, पत्रकं वाटून जायची. सरकारला प्रत्येक झाडामागे माणूस दिसत होता. आणि मी सरकारचा नोकर.

एकदा दुपारी आम्ही लिंबाखाली भाकरी खायला बसलो. मी मुद्दाम मोजणीची दुर्बीण खुंटीवर रोखून ठेवली होती. भाकरीचा घास तोंडात आणि डोळा काचेला. आमच्या त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. तसाच उलटा ईरण्णा आला, डोकं खाली, पाय वर. त्यानं खुंटी उपटली, माथ्याकडं पाहिलं, पावलं मोजत चालत गेला आणि दगडानं ठोकली. बंडप्पानंही पाहिलं.

"साहेब, आधी त्येला इचारा तरी," तो म्हणाला. "मान्सं उगंच काय करत न्हाईत."

मी विचारलं नाही. पकडला गेलेला माणूस काय खरं बोलणार? संध्याकाळी ठाण्यात जाऊन अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, हातात एक कागद दिला. सरकारी निशाण्या हलवून कामात अडथळा, पाठीमागे कोणाची फूस असल्याचा संशय. शेवटचं वाक्य मला कोणी घालायला सांगितलं नव्हतं. ते माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी ईरण्णाला मचाणावरून उतरवून नेलं. मला समाधान वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

चार दिवस खुंट्या जागच्या जागी राहिल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी माथ्याच्या अलीकडं, नळदुर्गच्या बाजूला शंभर फुटांवर दुर्बीण लावून उभा होतो. बंडप्पा चुना आणायला गेला होता. एक बाई शेतातून रस्त्यावर आली आणि माथा ओलांडून पलीकडं गेली. तिचं डोकं आणि खांदे मला माथ्यावरून दिसत होते. ईरण्णाची बायको रुद्रम्मा, मी ओळखलं. मनात म्हटलं, नवरा आत गेला तर आता ही आली खुंट्या हलवायला.

आणि ती दिसेनाशी झाली.

चालत पुढं गेली असती तर हळूहळू बुडाली असती. ही एकदम गेली. मी दुर्बिणीतून पाहिलं, दुर्बिणीवरून पाहिलं. नुसता रस्ता आणि आभाळ. खाली बसून खुंटी उपटतेय, अशी माझी खात्रीच झाली. धोतर सावरून मी धावत सुटलो.

माथ्यावर पोचलो तर पलीकडं साठ फुटांवर ती रस्त्याच्या मधोमध पालथी पडलेली होती. पाय जुळलेले, हात डोक्यापुढं जोडलेले, कपाळ मुरमावर टेकलेलं. ती झोपली नव्हती, तिला चक्करही आली नव्हती. ती दंडवत घालत होती.

मी तुळजापूरचा. देवळाच्या वाटेवर आमचं घर. लहानपणापासून मी माणसं अशी येताना पाहिली आहेत. पडायचं, जिथे हात पोचले तिथे रेघ मारायची, उठायचं, रेघेवर पाय ठेवून पुन्हा पडायचं. कोणी गावाच्या वेशीपासून, कोणी दहा-वीस कोसांवरून, लोळागोळा झालेल्या अंगानं. आई त्यांच्या पायांवर पाणी घालायची आणि तांब्या माझ्या हातात द्यायची. आणि त्याच मी फायलीत 'रस्त्यात झोपलेली बाई' वाचून पान उलटलं होतं.

रुद्रम्मा उठली, पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हितं पडल्या व्हत्या आमच्या वन्सं."

"कोण?"

"गिरिजाक्का. ह्यांची थोरली बहीण. पोरगं तापातनं उठलं म्हून तुळजापूरच्या आंबाबाईला नवस बोलल्या व्हत्या, नळदुर्गापास्नं दंडवत घालीत येईन म्हून. सात मैल आल्या. हितवर. मागनं लॉरी आली."

ती पुढं म्हणाली, "अर्धा राहिलेला नवस घरातल्यांनी पुरा करायचा आसतो. जितं थांबला तितनंच उचलायचा. येत्या चैतात मला हितनं निघायचं हाय. कसं पडायचं ते बघाया आले."

"मग ईरण्णानं मला हे सांगितलं का नाही?"

"तवाच ह्ये तुमच्या कचेरीत सांगाया गेलं व्हतं की. देवाचं दंडवत व्हतं, झोपली न्हवती, असं लिव्हा म्हून. थोबाडीत मारून हाकललं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुमी आलात, माथ्यावर चुना मारलात. ह्ये म्हनले, जागाच खरवडून टाकनार. पुरावाच ठेवायचा न्हाई. आन मग बघितलं तर तुमी जरासंच खरवडनार. तेवढ्यानं लॉरीला मानूस दिसायचं न्हाई, म्हून त्येनी खुंट्या लांब नेल्या."

मी तिला पुन्हा पडायला सांगितलं. अशी गोष्ट परक्या बाईला सांगताना मला काय वाटलं असेल ते सोडा. ती पडली. मी दुर्बिणीपाशी परत जाऊन वळलो. एकशे साठ फुटांवर एक जिवंत बाई होती आणि रस्ता रिकामा दिसत होता.

मुक्कामाला येऊन मी पुन्हा गणित मांडलं. ड्रायव्हरचा डोळा तोच, साडेचार फूट. समोरची उंची मात्र मोटारीची घ्यायची नव्हती. पालथं पडलेलं माणूस किती उंच? मी बंडप्पाला ओसरीवर पालथं झोपवून पट्टी लावली. नऊ इंच. एक वीत. तीनशे फुटांवरून वीतभर उंचीची वस्तू दिसायची तर वक्राची लांबी कमीत कमी चारशे तीन फूट आली. आमच्या दीडशेच्या जवळजवळ पावणेतीनपट. माथा दीड नव्हे, चार फूट उतरवायचा. मी तीनदा ताडून पाहिलं. ईरण्णानं शेवटी ठोकलेल्या खुंट्या साडेतीनशे फुटांवर होत्या. त्याचा अंदाज माझ्या शिक्षणापेक्षा बरा होता, आणि तोही अपुराच होता.

आता सगळं सरळ होतं, असं वाटेल. मी दोन दिवस काहीच केलं नाही. नव्या लांबीचा कागद पाठवायचा म्हणजे आधीची चुकली हे कबूल करायचं. तक्रार मागे घ्यायची म्हणजे ती खोटी होती हे कबूल करायचं. त्यात फूस असल्याचं मी माझ्या हातानं लिहिलेलं. आता मीच त्याची बाजू घेतली तर उद्या मलाही कोणाची फूस आहे म्हणतील. दुसऱ्यावर संशय घेणं मला चांगलं जमत होतं. आपल्यावर संशय आला की कसं वाटतं, ते तेव्हा कळलं. बंडप्पा भाकरी माझ्यापासून लांब बसून खात होता.

तिसऱ्या दिवशी दोन्ही कागद लिहिले. अमीनसाहेबांनी कागद वाचला आणि "बघू" म्हणाले. आमच्या कचेरीत मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे बड्या इंजिनियरांनी, नकाशा उलगडलासुद्धा नाही.

"आप तुळजापूरचेच ना?" त्यांनी विचारलं.

"होय."

"तरीच. मोटारींसाठी रस्ता आहे, लेटायला नाही."

"साहेब, लोक लेटणार. रस्ता नव्हता तेव्हापासून लेटतात. आपण मोजताना त्यांना धरलं नाही, एवढंच."

त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की लांबी माझ्या जबाबदारीवर वाढवली आहे आणि वक्र निरुपयोगी ठरला तर मी नोकरीवरून कमी व्हायला तयार आहे. मी सही केली.

ईरण्णा एकोणिसाव्या दिवशी सुटला. तो उजव्या पायानं लंगडत होता. मी रस्त्यात त्याला गाठून म्हटलं, "माझी चूक झाली." तो थांबला नाही. खोदकाम सुरू झालं, पौष गेला, माघ गेला, त्याच्या ज्वारीची खळी झाली. तो रोज बांधावर येऊन उभा राहायचा आणि मुरमाची प्रत्येक पाटी बघायचा. गाडीवाट खरंच तुटली.

चैत्री पौर्णिमेच्या आठ दिवस आधी काम संपलं. त्याच सकाळी रुद्रम्मा ओलेत्यानं, कपाळभर मळवट भरून रस्त्याकडेला येऊन बसली. ईरण्णा माझ्यासमोर उभा राहिला. सुटल्यापासून तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"कागदावर दिसतंय म्हनता?"

"कागदावर दिसतं. तीनशे फुटांवरून."

"कागदावर माझी बहीनबी झोपली व्हती." त्यानं मुरमाच्या लॉरीकडं बोट केलं. "म्या डायवरशेजारी बसतो. तुमी पडा तितं. दिसलं की थांबवतो."

बंडप्पा पुढं होऊन म्हणाला, "म्या पडतो की."

"तू न्हाई," ईरण्णा म्हणाला. "गनित ह्येंचं हाय."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. लॉरी धुरळा उडवत नळदुर्गच्या बाजूला पार खाली गेली. मी गिरिजाबाईच्या जागेवर पालथा पडलो, हात पुढं जोडले. मुरूम गालाला टोचत होता. मग जमिनीतून लॉरीचा आवाज येऊ लागला. कानानं नव्हे, छातीनं ऐकू येत होता. त्या लॉरीत ड्रायव्हरच्या शेजारी तो माणूस बसला होता, ज्याला मी एका कागदावर एकोणीस दिवस आत टाकलं होतं. त्यानं थांब म्हणायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर होतं. गणित बरोबर होतं, मला ठाऊक होतं. पण गणित लॉरी थांबवत नाही. मी मान वर केली.

लॉरी थांबली. बऱ्याच लांब. ईरण्णा उतरला आणि लंगडत, पावलं मोजत माझ्यापर्यंत आला.

"एकशे चौतीस," तो म्हणाला.

मी कपडे झटकत उठू लागलो. हिशेबापेक्षा जास्तच भरलं होतं. मला हायसं वाटलं.

"उठू नका," तो म्हणाला. "तुमी मुंडी वर केली व्हती. म्हून लांबनं दिसलात. ती मुंडी वर करत न्हाई, साहेब. पडल्यावर ती आंबाबाईची आसती. मागनं काय येतंय त्ये ती बघत न्हाई."

मी पुन्हा पालथा झालो. तो लॉरीकडं परत गेला. लॉरी पुन्हा खाली गेली.

या वेळी मी कपाळ टेकवलं. डोळे मिटले तर आवाज वाढला म्हणून उघडे ठेवले, पण नाकासमोर मुरमाच्या खड्यांशिवाय काही नव्हतं. आवाज चढावर आला. मी मनात आकडे म्हणायचा प्रयत्न केला, एकही आठवेना. गिरिजाबाईनं हा आवाज ऐकला असेल आणि तिनं मान वर केली नसेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. माझी मान जागच्या जागी ठेवायला मला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत रुतवावी लागली.

इंजिन बंद झालं. मग पावलं. फार वेळ पावलं.

"एकशे एकोनीस," ईरण्णा माझ्या डोक्यापाशी उभा राहून म्हणाला.

अडीच फुटांचं पाऊल धरलं तर दोनशे साडेसत्त्याण्णव फूट. माझी नुसती मानच पंधरा पावलांची होती. मी उठलो. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं कडेला बसलेल्या बायकोला हाक मारली, "ये."

रुद्रम्मा आली. मी जिथून उठलो होतो तिथेच तिनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि पालथी पडली. ईरण्णानं पटका सोडून हातात घेतला. मग तो पुन्हा एकशे एकोणीस पावलं मोजत मागे गेला आणि नळदुर्गकडं तोंड करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, पटका हलवत. चारशे तीन फुटांचा माझा वक्र बरोबर आहे, हे त्याला पटलं होतं. पण मागून येणाऱ्या लॉरीत कोण बसलं आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तुळजापूरकडून येणाऱ्या बाजूला मात्र कोणी उभं नव्हतं. मी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पावलं मोजत तिकडं निघालो.